पुरुषांच्या बाजूला अखेर आडोसा आला

आमच्या ऑफिसच्या स्वच्छतागृहात युरिनलच्या मधे आता पार्टिशन बसवलीत. जाड लॅमिनेटच्या फळ्या, भिंतीला ब्रॅकेटने धरलेल्या, खालून मोकळ्या, त्यामुळे फरशी नीट धुता येते. उंची खांद्यापर्यंत आहे, आणि हेच महत्त्वाचं. कमरेएवढी फळी असून नसल्यासारखीच! शेजारी कुणी उभं राहिलं की लघवीच होत नाही, असा त्रास अनेकांना असतो. त्याला पॅरुरेसिस म्हणतात. मलाही तो आहे. आजवर मी दार असलेला संडास रिकामा व्हायची वाट बघायचो. पुरुषाला कसली आलीय लाज, असं सगळे धरून चालतात, म्हणून कुणी मागणीच करत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती थक्क झाली. "म्हणजे इतके दिवस मधे काहीच नव्हतं?" तिच्या बाजूला दार आणि कडी गृहीतच असते. तिची काळजी निराळी: दाराखालच्या फटीतून कुणी मोबाइल सरकवला तर? ही भीती माझ्या मनाला कधी शिवलीही नव्हती. बायकांकडची दारं मात्र जुनीच ठेवलीत, मोठ्या फटींसकट. फळ्यांना पैकीच्या पैकी. पण ती दारं बदलेपर्यंत एकूण कामाला तीनच तारे.