बाळाचं समर्पण की बाप्तिस्मा? नव्या आईवडिलांसाठी

पुण्यातल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न बहुतेक वेळा बारशाच्या आसपास निघतो, त्यातही आईवडील दोन वेगळ्या मंडळ्यांतले असले तर हमखास. कॅम्पातल्या जुन्या चर्चमध्ये वाढलेल्या आजीला बाळाच्या डोक्यावर पाणी पडलेलं पाहायचं असतं. बाप्तिस्मा समजत्या वयातच घ्यावा असं मानणारी बॅप्टिस्ट आजी म्हणते, त्याला अजून काय कळतंय? मग कुणीतरी पाण्याविना, नुसत्या प्रार्थनेचा विधी सुचवतं, "समर्पण करून टाका, दोन्हीकडचे खूश." माझ्या मते समर्पण निवडायचं हे सगळ्यात वाईट कारण.

बालबाप्तिस्म्यात बाळासाठी काहीतरी घडतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी घातलं की ते बाळ मंडळीचं झालं. कृपा आधी, समज नंतर, अशी ही मांडणी. अब्राहामाच्या घराण्यात आठव्या दिवशी सुंता व्हायची, तिचा दाखला त्यासाठी देतात. पुढे दृढीकरणाच्या वेळी मूल स्वतः विश्वास कबूल करतं. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा छोट्या मनोरमेचाही झाला. आईने विचार करून घेतला, लेकीचा आईच्या निर्णयाने झाला.

समर्पणात बोलतात ते आईवडील. पाळक बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात, बायबलमधल्या हन्ना आणि तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, किंवा येशूने लेकरांना जवळ घेतल्याचा भाग वाचला जातो. मुलाला प्रभूच्या मार्गात वाढवू असं वचन आईवडील देतात, आणि मंडळीही साथ द्यायचं कबूल करते. पाणी नाही, सभासदत्व नाही, तारणाचा दावा तर नाहीच. 1609 मध्ये ॲम्स्टरडॅमला इंग्रज धर्मोपदेशक जॉन स्मिथ आणि त्याच्या सोबत्यांनी बालबाप्तिस्मा नाकारला, तेव्हापासून बॅप्टिस्टांचा आग्रह एकच: बाप्तिस्मा ज्याचा त्याने विश्वास ठेवून मागायचा. बंगालमधले बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांचं घर पाहा. 28 डिसेंबर 1800 रोजी त्यांनी हुगळी नदीत नव्याने ख्रिस्ती होणाऱ्या कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला आणि त्याच दिवशी स्वतःच्या मुलाला, फेलिक्सला. मिशनऱ्याचा मुलगा म्हणून त्याला तो पाळण्यात मिळाला नव्हता.

समर्पणाची बाजूही निर्विवाद नाही. असा विधी करा अशी आज्ञा बायबलमध्ये नाही. हन्नाने तर शमुवेलाला शिलोच्या मंदिरात कायमचं ठेवलं. तेवढं करायला आपल्यापैकी कोण तयार आहे? बालबाप्तिस्मा मानणारे विचारतात की वचन आईवडिलांचंच असेल, तर बाळाला पुढे आणायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला मंडळीने उभं राहून जबाबदारी घेणं हा त्यातला सर्वात मोलाचा भाग वाटतो. नेमका तोच फोटोंच्या गडबडीत उरकला जातो.

निर्णयासाठी कळीचा मुद्दा मात्र वेगळा. समर्पणानंतर बाप्तिस्म्याची वाट मोकळी राहते. बालबाप्तिस्मा झाला, की तो मानणाऱ्या मंडळ्या पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. पुढे मुलाला बॅप्टिस्ट मंडळीत यायचं झालं, तर तिथे बहुधा बुडवून बाप्तिस्मा घ्यायला सांगतील, आणि जुन्या मंडळीला ते दुखेल. असा ताण मुलाच्या तरुणपणी उभा राहतो, आज नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात असाल तर काम सोपं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात हे चर्च स्थापन झालं, त्यात बॅप्टिस्टही सामील होते. म्हणून तिथे दोन्ही पद्धती मान्य आहेत. रोमन कॅथलिक घरात तसं नाही. त्यांचा धर्मनियम जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करा असं सांगतो, आणि समर्पण त्याची जागा घेत नाही.

मुलाने पुढे स्वतः ठरवावं असं दोघांनाही मनापासून वाटत असेल, तर समर्पण करा. बाळ आजपासूनच मंडळीचं आहे अशी श्रद्धा असेल, तर बाप्तिस्मा द्या. दोघांचं जुळत नसेल तर थांबा. समर्पणाला वयाची अट नाही. हॉल बुक करण्याआधी पाळकांना दोन गोष्टी विचारा: आम्हाला नेमकं काय कबूल करावं लागेल, आणि मिळणारा दाखला समर्पणाचा असेल की बाप्तिस्म्याचा? चर्चमधल्या लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, तिथे समर्पणाचा चालत नाही. आणि "पाणी का नाही घातलं?" याचं उत्तर आजीला आधीच घरी देऊन ठेवा.