जुनी गाडी: शोरूमला न्यायची की गॅरेजला?

माझी मारुती ८०० १९९७ची, कार्बोरेटरवाली; म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला कॉम्प्युटर नाही, साधा यांत्रिक पार्ट. जळगावच्या मे महिन्यात सिग्नलला उभी राहिली की फडफडून बंद पडायची. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरातल्या पोराने आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाड वाचणारा स्कॅनर आणला. हिला तो लावणार कुठे? मग म्हणे, कार्बोरेटरच बदला. गॅरेजच्या मिस्त्रीने त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड, काढून उजेडात धरलं, हवा मारली, जोडातून गळू नये म्हणून नवं गॅस्केट टाकलं. "भाऊ, रेडिएटर पण धुवून घे," म्हणाला.

पक्कं बिल, कामाची वॉरंटी हवी तर शोरूमच बरं. एअरबॅग, एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम मीही तिकडेच देईन. गॅरेजात मात्र भाव आधी ठरवा, काढलेला पार्ट मागून घ्या. आणि मिस्त्री 'संध्याकाळी देतो' म्हणाला, तर दोन दिवस धरा.