जुन्या बाइकचे पार्ट ठाण्यातच मिळतात, फक्त गाडीचं नाव सांगत बसू नका

हिरो होंडाची सीडी 100, यामाहाची आरएक्स 100, सुझुकीची सॅमुराई अशा गाड्या अजून चालवणारे ठाण्यात बरेच आहेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, पार्ट मिळत नाही. आरएक्स 100 तर 1996 लाच बंद झाली, शोरूमवाला आता कशाला माल ठेवेल. मग कोणी कुर्ल्याला सीएसटी रोडला चकरा मारतं, कोणी दिल्लीच्या करोल बागेतून कुरियरने मागवतं. त्याआधी एकदा खोपटला जाऊन या. एसटी डेपोपासून चालत जाण्यासारखं दुकान आहे, बोर्ड इतका पुसलाय की नाव वाचताच येत नाही.

काउंटरवरचे काका गाडी कुठली हे विचारतच नाहीत, "जुना पार्ट आणलाय का?" एवढंच, आणि ड्रॉवरमधून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढतात. मला हेच आवडलं. बेअरिंगवर 6301 लिहिलं असेल तर ती आतून 12, बाहेरून 37 आणि जाडीला 12 मिमीच असणार, मग ती कुठल्याही गाडीची असो, चांगल्या कंपनीची घ्या आणि बसवा. ऑइल सीलचंही तसंच, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. माझ्या मेकॅनिकने क्रँकसाठी (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा दांडा) साधी बेअरिंग लिहून दिलेली, काकांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले क्रँक तापतो, तिथे सी 3 लागते, आत थोडी जास्त ढिलाई असलेली, आणि तीच काढून दिली.

इंजिनच्या पार्टचं मात्र नुसत्या मापावर भागत नाही, तिथे काकांची पाठांतराची वही कामाला येते. सीडी 100 आणि जुनी स्प्लेंडर दोन्हीचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 50 मिमीच, त्यामुळे पिस्टन किट, क्लच प्लेट स्प्लेंडरचे चालतात आणि ते गल्लीबोळात मिळतात. आरएक्स 100 आणि 135 ची क्लच प्लेट एकमेकींना चालते पण पिस्टन नाही हां, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, दोन्हीचा 50 असला तरी बोअर एकीचं 50 आणि दुसरीचं 58. स्पार्क प्लगचंही बघून घ्या, हिरो होंडाला बारीक 10 मिमी आट्याचा, आरएक्सला 14 चा. सिलिंडरचा ब्लॉक आतून घासला असेल तर 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन आधी हातात घ्या आणि मगच वागळे इस्टेटला लेथवाल्याकडे बोअर मारायला टाका, उलटं केलंत तर पिस्टन शोधत फिराल.

आता नावडलेलं. बॅज, टाकीचे स्टिकर, ओरिजनल इंडिकेटर असलं शोभेचं काही मिळणार नाही, रिस्टोरेशनवाल्यांनी इकडे वेळ घालवू नये. क्लच प्लेटमध्ये लोकल माल पण ठेवतात आणि तुम्ही विचारलं नाहीत तर तोच पुढे येतो, म्हणून बॉक्सवरचं कंपनीचं नाव बघूनच पैसे द्या. सीडीआयसारखं (प्लगला स्पार्क देणारा डबा) इलेक्ट्रिकल एकदा घेतलं की परत घेत नाहीत, आधी मेकॅनिककडून खात्री करून जा. भाव छापील किमतीला, घासाघीस केलीत तर काका दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळतात, एवढे तुसडे नसते तरी चाललं असतं. संध्याकाळी मेकॅनिक लोकांची झुंबड असते, म्हणून सकाळी जा, आणि गाडी गल्लीत आत लावा, मेन रोडवर टोइंगवाले फिरत असतात.