पिकअपला मागं जोड टायर: कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं काम कसं झालं, आणि कुणी करून घ्यावं

सगळे पहिल्यांदा जे विचारतात तेच आधी सांगून टाकतो. मागं दोनाचे चार टायर केले म्हणून गाडी जास्त वजन उचलत नाही. स्प्रिंगचे पाटे तेच, चॅसी तीच, एक्सल तेच, ब्रेकचे ड्रम पण तेच. गाडी बसते चांगली, डुलत नाही, एवढाच फायदा. ज्याला तो पाहिजे त्याला लई मोठा आहे, पण "आता बिनधास्त दोन टन टाकू" असं डोक्यात असेल तर पुढचं वाचू नका, पैसे वाचतील.

गाडी आमच्या दाजींची. पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळ आहे त्यांचं. पिकअप जुनी, कागद संपलेले, रोडवर जातच नाही. मळ्यातनं ऊस गुऱ्हाळावर आणायचा आणि चरकातनं निघालेलं चिपाड माळावर वाळायला टाकायचं, सगळं स्वतःच्याच रानात. आता चिपाड म्हणजे वजनाला काही नाही पण हौद्यावर रचलं की केबिनच्या वर पुरुषभर जातं, आणि आमचं रान सगळं उताराचं, ताली म्हणजे मातीचे बांध आडवे, तिथनं भरलेली गाडी तिरकी निघाली की मागचा भाग असा झोका घ्यायचा की बाजूला चालणारी माणसं पळायची. पाटे वाढवून बघितले तर रिकामी गाडी बैलगाडीगत आदळायला लागली. मग दाजी म्हणाले, जोड टायर करूया.

काम उद्यमनगरात केलं. गॅरेजचं नाव टाकत नाही, कारण मिस्त्रींनीच सांगितलंय, "नाव टाकू नका ओ, उद्या रोडवरच्या गाड्या घेऊन लाईन लागेल आणि सगळ्यांना नाही म्हणत बसायला लागेल." कोल्हापूरकरांना सांगायला नको, उद्यमनगरात एका बोळात लेथ, दुसऱ्या बोळात फौंड्रीचं पॅटर्न, तिसऱ्यात वेल्डिंग, त्यामुळं असलं काम एका दुकानात होत नाही, चार दुकानं फिरतं. मिस्त्री फक्त मोजमाप आणि फिटिंग करतात, टर्निंग पलीकडच्या लेथवर.

जोड टायर दोन पद्धतीनं होतात. एक म्हणजे मोठ्या गाडीचं आख्खं एक्सल खाली टाकायचं. टाटा 407 सारख्या गाडीला कंपनीतनंच मागं जोड टायर येतात, तिची डिस्क (टायर बसतो ती चाकाची पोलादी थाळी) खोल असते, दोन डिस्क पाठीला पाठ लावून बसतात. पण मग पाट्यांच्या बैठका बदला, प्रोपेलर शाफ्ट कापा, ब्रेकच्या लाईनी बदला, एक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरचा रेशो वेगळा आला की गाडीची ओढ आणि स्पीडोमीटर दोन्ही बिघडले. दुसरी पद्धत म्हणजे ॲडॅप्टर. हबवर जाड पोलादी गोळा बोल्टनं बसवायचा आणि त्याच्या तोंडावर बाहेरची डिस्क. आम्ही दुसरी केली. स्वस्त आहे, जुन्या गाडीला परवडते.

पण ह्या स्वस्त कामातच खरी गोम आहे आणि मिस्त्रींनी ती खडूनं फरशीवर काढून दाखवली. आतला टायर आणखी आत सरकवता येत नाही, तिथं पाटे आणि चॅसी आहे. म्हणजे आतला जिथल्या तिथं आणि नवा टायर त्याच्या बाहेर. कंपनीच्या जोड टायरमध्ये वजन दोन्ही टायरच्या मधोमध येतं आणि बेअरिंग साधारण त्याच रेषेत असतं. आपल्या जुगाडात ती रेष बाहेर जाते, मग बेअरिंगवर पहारीनं रेटल्यासारखा जोर येतो. रस्ता कडेला वर चढला तर काही वेळ सगळं वजन एकट्या बाहेरच्या टायरवर. त्यात एक्सल सेमी-फ्लोटिंग असेल तर चाकाचं वजन थेट शाफ्टवरच असतं, आणि शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर. त्यामुळं मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो एक्सल कुठलं ह्याचा, टायरचा नंतर. आमचं फुल-फ्लोटिंग निघालं, हबची बेअरिंगं हाऊसिंगवर, म्हणून त्यांनी काम हातात घेतलं. तुमचा मिस्त्री हा प्रश्न न विचारता थेट ॲडॅप्टर काढून दाखवत असेल तर तिथनं निघा.

ॲडॅप्टर ईएन-8 जातीच्या पोलादाच्या गोल रॉडमधनं काढला. बिडाचा नाही, हे पक्कं विचारून घ्या कारण बीड स्वस्त पडतं आणि धक्का बसला की वाकत नाही, थेट तडकतं. ॲडॅप्टरच्या मागच्या बाजूला हबच्या मधल्या उंचवट्यावर बसणारी खाच असते, ती टाईट बसली की चाक सेंटरला येतं आणि वजन हबवर जातं. खाच ढिली असली की तेच वजन स्टडवर (नट आवळतात त्या बोल्टांवर), आणि स्टड एकेक करून तुटतात. लेथवरनं आलेला पहिला पीस मिस्त्रींनी हबवर ठेवला, दोन बोटांनी हलवला, किंचित टकटक वाजलं. काही बोलले नाहीत, पीस पोराच्या हातात दिला आणि लेथकडं बोट दाखवलं. दुसरा आला तो रबरी हातोडीनं ठोकावा लागला, मग डायल गेज लावून हब फिरवला, काटा जवळजवळ हललाच नाही. एवढं बघून माझं मन शांत झालं. नट टॉर्क पान्यानं आवळले आणि प्रत्येक नटावरनं डिस्कवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून दिली, रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. भरून पहिली थोडी फेरी झाली की परत आवळायचे हे पण दोनदा सांगितलं.

टायरचं सांगतो कारण इथं लोक पैसे वाचवायला जातात. एका बाजूचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे पाहिजेत. उंचीत पाव इंचाच्या वर फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळं वजन घेतो आणि बारका नुसता घासत फिरतो. हवा पण दोघांत सारखी. आणि चार टायर म्हणजे दुप्पट वजन हे टायर कंपनी पण म्हणत नाही. टायरच्या अंगावर 106/104 असं काहीतरी लिहिलेलं असतं बघा, पहिला आकडा एकट्या टायरचा, दुसरा जोडीचा. 106 म्हणजे 950 किलो, 104 म्हणजे 900. जोडीत लावला की कंपनीच पन्नास किलो कापून घेते, कारण दोघं कधीच अगदी सारखं वजन घेत नाहीत.

दोन टायरमधली फट गाडी भरून मोजायची, रिकामी नाही. भरली की टायरची पोटं सुटतात आणि एकमेकांना लागली तर तापून जातात. आमची फट चार बोटं आहे, ठीक आहे. पण त्या फटीत दगड बसतो. काळा गोटा एकदा असा अडकला की पहारीनं काढताना घाम फुटला, आणि तो तसाच राहिला तर टायर आतनं कापतो आणि सुटला तर गोळीसारखा मागं उडतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल भरतो तो वेगळाच, वाळला की सिमेंट.

आता चालवताना काय. चिपाड भरून ताल ओलांडताना झोका जवळजवळ गेला. खरंच गेला. दाजी आधी उतरून ड्रायव्हरला हात करत गाडी काढायचे, आता चहा पीत बसतात. भुसभुशीत रानात चाक रुतायचं पण कमी झालं. तोट्यात म्हणाल तर स्टिअरिंग वळताना जड, बारक्या वळणावर मागचे टायर घासल्याचा आवाज येतो, डिझेल जास्त खाते. ओल्या फरशीवर रिकामी गाडी पूर्वीपेक्षा जरा जास्त घसरते, वजन चार टायरवर पसरलं की पकड कमी होतेच. हबला हात लावून बघायची सवय लावून घेतलीय, दोन्ही बाजू सारख्या कोमट असल्या तर ठीक, एक बाजू चटका देत असेल तर बेअरिंग बोलतंय.

माझी स्वतःची पिकअप आहे, ती मार्केट यार्डला गुळाचे रवे घेऊन जाते, हायवेला पण लागते. दाजींची गाडी बघून मी म्हटलं माझी पण करा. मिस्त्री सरळ नाही म्हणाले. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीनं मुळात जशी दिली आणि आरसीवर नोंदलीय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण हेच सांगितलंय. कलम 182ए खाली एकेका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ओव्हरलोड सापडली तर वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, ते वेगळंच. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा मागची चाकं मोजणार. त्यापेक्षा माल एक खेप जास्त न्या नाहीतर कंपनीतनंच जोड टायरची येणारी गाडी घ्या, असं त्यांचं म्हणणं. माझ्या गाडीला त्यांनी एक पाटा बदलला, जास्त प्लायचे (थरांचे) टायर सुचवले आणि रवे हौद्यात पुढं एक्सलच्या रेषेत रचायला लावले. गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना नाही म्हणणारा मिस्त्री मला तरी पहिल्यांदाच भेटला.

आता तक्रारी. वेळेचा काही भरवसा नाही. "उद्या या" म्हणजे उद्या नक्की नाही, लेथवाल्याकडं दुसरं मोठं काम आलं की आपला पीस कोपऱ्यात. फोन उचलत नाहीत, समोर जाऊन उभं राहायचं. बिल साध्या चिठ्ठीवर, जीएसटीचं मागितलं तर "मग तसा हिशोब होईल" असं उत्तर. बाहेरचा टायर हौद्याच्या बाहेर हातभर आला त्यावर मडगार्ड लावून देणं कामात धरलेलंच नव्हतं, ते शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडनं वेगळे पैसे देऊन करून घेतलं. टायर-डिस्क धरून सगळा खर्च त्या जुन्या गाडीच्या आजच्या किमतीच्या पावपट गेला. रानात असलेली, उंच माल वाहणारी, फुल-फ्लोटिंग एक्सलची गाडी असेल तर वसूल आहे. कामाला पाचातले साडेचार, वेळेला दोन.

जाणार असाल तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा, आम्हाला नंतर परत खेप घालावी लागली. एक म्हणजे आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लांब नळी, नाहीतर हवा चेक करायला दरवेळी बाहेरचं चाक खोलत बसा. आणि स्टेपनीची डिस्क पुढं, मागं, आत, बाहेर सगळीकडं बसते का ते तिथंच लावून बघा. आमची बाहेरच्या बाजूला बसत नाही, त्यामुळं आता दोन स्टेपन्या हौद्यात पडून असतात आणि चिपाड भरताना दाजी दरवेळी त्यांनाच शिव्या घालतात.