पीसीओएससाठी (अंडाशयाच्या ज्या त्रासात पाळी अनियमित होते) ॲक्युपंक्चर, काही महिन्यांनी: सुई ठीक, चिमट्याने जीव खाल्ला

सुयांबद्दल तक्रार नाही. पाकीट समोर फोडतात, टोचणी मुंगी चावल्याएवढी. घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटं वर, नडगीच्या मागच्या कडेला बसते ती जड ठणकते, ठणकायलाच हवी. ओटीपोटावर टोचण्याआधी लघवी करून यायचं. उपाशी जायचं नाही, घेरी येते.

टोचलेल्या सुयांना मशीनमधून हलका करंट देतात. वैताग आहे तो त्या करंटच्या तारेच्या चिमट्याचा. तार लोंबली की बारीक सुई कलते, चिमटा सरकतो. त्यात आपली पावसाळी हवा, दातांवर गंज चढलेला. 2 हर्ट्झवर स्नायू सेकंदाला दोनदा उडताना दिसला पाहिजे. तो थांबला की मशीन लावणारी पोरगी सरळ बटण वाढवते, आणि चिमटा पुन्हा टेकला की सणसणीत झटका! आधी बटण शून्यावर आणायचं, चिमटा नीट लावायचा, मग हळूहळू वाढवायचं. सुईची मूठ धातूचीच हवी, प्लॅस्टिकच्या मुठीतून करंट जात नाही. एवढे पैसे मोजून हे गिऱ्हाइकाने सांगायचं?

पाळी आली तेव्हा पाच स्टार द्यावेसे वाटले होते. आता तीन काढते. पाळी आली म्हणून अंडं सुटलंच असं नाही. त्यासाठी फॉलिक्युलर (अंड्याची वाढ बघणारी) सोनोग्राफी किंवा पाळीच्या आठवडाभर आधी रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनची तपासणी लागते. चीनमधल्या पीसीओएसच्या 1000 बायकांवरची चाचणी 2017 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय मासिकात आली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास सुया. बाळंतपणापर्यंत पोचल्या खऱ्या सुयांवाल्या 21.8 टक्के, आणि खांदा-दंडावर वरवर टोचून मशीन नुसतं दाखवलेल्या 22.4. अंडं सुटण्यासाठीच्या क्लोमिफेन गोळीवाल्या मात्र 28.7, खोट्या गोळीवाल्या 15.4. म्हणजे मूल हवं असेल तर पैसे गोळीवर घालावेत, तेही डॉक्टरला विचारूनच. सुयांनी अर्धा तास शांत पडायला मिळतं, हे खरं. पण म्हापसा-पणजी बसभाडं धरलं तर ती झोप फार महाग.

तरी करायचंच असेल तर एकगठ्ठा पॅकेज घेऊ नका, बसण्यागणिक पैसे द्या. पाळीचा नेम नसतो, म्हणून दिवस गेले असतील अशी शंका आली तर आधी लघवीची तपासणी. ओटीपोटाच्या आणि घोट्यावरच्या त्या जागा गरोदरपणात टाळतात. आणि तीन महिने पाळीच नाही तर सुयांच्या भरवशावर राहू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत दाखवा.