दहा महिने खाऱ्या पाण्यात: कॅमेऱ्यासाठी घेतलेल्या वॉटरप्रूफ स्लिंग बॅगेचा वापरानंतरचा अनुभव

समुद्राच्या उथळ पाण्यात फ्लाय फिशिंग (‘फ्लाय’ म्हणजे पिसा-धाग्यांचे हलके कृत्रिम आमिष, ते जाड दोरीच्या वजनाने फेकून करायची मासेमारी) करताना कॅमेरा सतत अंगावर बाळगता यावा, एवढ्या एकाच कारणासाठी मी दहा महिन्यांपूर्वी ही वॉटरप्रूफ स्लिंग बॅग घेतली. तेव्हापासून चार प्रवास झाले, खाऱ्या पाण्यात घालवलेले एकूण एकतीस दिवस झाले, आणि त्यांतल्या बहुतेक दिवशी ती सकाळपासून उन्हे कलेपर्यंत माझ्या खांद्यावर होती. बॅगेची क्षमता १० लिटर आहे. तिचे कापड टीपीयूचा (एका लवचीक प्लास्टिकचा) थर दिलेल्या नायलॉनचे आहे, सांधे न शिवता उष्णतेने चिकटवलेले आहेत आणि तोंडाला पाणबुड्यांच्या पोशाखाला असते तशी जाड दातांची हवाबंद झिप आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या बॅगांची बांधणी इतकी सारखी असते की पुढे लिहिलेले गुणदोष कमीअधिक प्रमाणात बहुतेकींना लागू पडावेत. आत माझा मिररलेस कॅमेरा, २४–७० आणि १६–३५ मिलिमीटरची दोन भिंगे, पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कमी करणारी, भिंगावर बसवायची काच), दोन जादा बॅटऱ्या आणि एक सुती फडके एवढे सामान असते.

पाणी अडवण्याच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही. बॅगेवर आयपीएक्स ७ हा दर्जा छापलेला आहे, म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवूनही आत पाणी शिरू नये. मी ही परीक्षा स्वतःहून घेतली नसती, पण दुसऱ्या प्रवासात ती आपोआप घडली. प्रवाळाच्या कडेवरून पाय घसरला, मांडीभर पाण्यातून एकदम छातीभर पाण्यात गेलो, आणि बॅग मिनिटभर तरी पूर्ण बुडालेली होती. किनाऱ्यावर येऊन झिप उघडली तेव्हा आतले फडके कोरडे ठणठणीत निघाले. हा दर्जा मात्र गोड्या पाण्यातल्या चाचणीवर ठरतो आणि मिठाबद्दल तो चकार शब्द काढत नाही, हे विकत घेताना माझ्या ध्यानात आले नव्हते.

तिसऱ्या महिन्यात कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या खाचेत आणि ट्रायपॉडच्या आट्यांमध्ये पांढुरकी भुकटी दिसली. बॅगेत थेंबभरही पाणी गेलेले नसताना मीठ आले कुठून, याचा विचार करायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला. मीठ मीच माझ्या हातांनी आत नेत होतो. दोरी ओढताना बोटे सतत भिजलेली असतात, मासा हाताळण्यापूर्वी तर हात मुद्दाम भिजवावे लागतात म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही, आणि त्याच हातांनी कॅमेरा काढला जातो व परत ठेवला जातो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चमचाभर, १५ मिलिलिटर पाणी वाळले तरी मागे अर्धा ग्रॅम क्षार उरतात. ते वाळून स्वस्थ बसले असते तरी चालले असते, पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ शोषून पुन्हा खारे पाणी होते, आणि किनाऱ्यावरच्या रात्री आर्द्रता त्याहून कमी क्वचितच असते. म्हणजे दिवसा कोरडा दिसणारा कॅमेरा रात्रभर खारवणात मुरत होता, आणि ज्या हवाबंद झिपचे मी कौतुक करत होतो तीच झिप ती दमट हवा आत कोंडून ठेवत होती.

तेव्हापासून माझी रीत बदलली. कॅमेरा काढण्यापूर्वी छातीच्या खिशातल्या छोट्या बाटलीतले गोडे पाणी बोटांवर घेतो, दंडाला बांधलेल्या कोरड्या फडक्याने हात पुसतो आणि मगच झिपला हात लावतो. संध्याकाळी कॅमेरा आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने आणि मग कोरड्या कापडाने पुसतो. उलट क्रम केला तर मिठाचे कण भिंगाच्या लेपावर घासले जातात, आणि माझ्या पोलरायझरवर त्याची एक बारीक अर्धवर्तुळाकार खूण कायमची उमटलेली आहे. बॅग नळाखाली नुसती धुऊन भागत नाही. बादलीत अर्धा तास बुडवून ठेवली तरच पट्ट्यांच्या शिवणीतले मीठ विरघळते. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवतो, त्यांचा नारिंगी रंग उतरला की त्या मंद आचेवर वाळवून घेतो.

आता झिपकडे येतो, कारण माझी खरी नाराजी तिच्यावर आहे. हवाबंद झिप मुळातच घट्ट असते. ती ओढायला एक हात आणि बॅग दाबून धरायला दुसरा हात लागतो. फ्लाय फिशिंग करणाऱ्याच्या एका हातात नऊ फुटी रॉड आणि दुसऱ्या हातात दोरी असते, त्यामुळे रॉड काखेत दाबायचा, दोरी दातांत धरायची आणि मग झिपशी झटायचे, असा तो प्रसंग असतो. एकदा सोबत्याला घड्याळ लावायला सांगितले. बॅग पाठीवरून पुढे घेण्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत १४ सेकंद लागले, आणि तेही सरावानंतर. झिप जिथे येऊन बसते त्या टोकाला सिलिकॉनचे वंगण लावले की ओढ बरीच हलकी होते, पण वाळूचा एक कण अडकला की पुन्हा मूळपदावर.

या १४ सेकंदांचा भार माझ्यापेक्षा माशावर पडतो. बोनफिशसारखा मासा दमछाक होईपर्यंत धावलेला असतो, आणि त्या अवस्थेत त्याला पाण्याबाहेर धरणे म्हणजे शर्यत संपवून आलेल्या माणसाचे नाक-तोंड दाबण्यासारखे आहे. अशा माशाचा तोल सुटतो आणि सोडल्यावर तो शार्क किंवा बॅराकुडाच्या सहज तावडीत सापडतो. हवेत दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये हा सर्वमान्य संकेत आहे, आणि माझी झिपच त्यापेक्षा जास्त वेळ घेते. यावर बॅगेत काही उपाय नव्हता, म्हणून आम्ही क्रम बदलला. मासा सोबत्याच्या हातांत पाण्याखालीच राहतो, कॅमेरा निघतो, प्रकाशाची मापे जुळतात, आणि मगच मासा क्षणभर वर येतो, पाण्याचे थेंब अंगावरून गळत असतानाच परत जातो. पुष्कळदा मासा तेवढाही वर येत नाही. मी कॅमेरा पाण्याच्या रेषेजवळ नेतो आणि अर्धे अंग पाण्यात असलेल्या माशाचा फोटो घेतो. बोनफिशचे खवले आरशासारखे असल्यामुळे पूर्ण बाहेर धरलेल्या माशावर हमखास पांढरे डाग पडतात, तर पाण्याखालच्या अर्ध्या अंगावर वाळूचा हिरवट रंग उतरतो आणि पाठीवरच्या फिकट पट्ट्या दिसू लागतात. माझे गेल्या सहा महिन्यांतले बरे फोटो असेच निघालेले आहेत, हे या कंटाळवाण्या झिपच्या खाती जमा करायला हरकत नाही.

ज्यांना या छंदाची सवय नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपण फोटोसाठी सकाळ-संध्याकाळचा कलता प्रकाश शोधतो, पण उथळ पाण्यातला मासा दिसण्यासाठी सूर्य वर आणि पाठीमागे असावा लागतो. म्हणजे मासा गळाला लागतो तो फोटोसाठी सर्वांत वाईट प्रकाशात, आणि म्हणूनच पोलरायझर माझ्या भिंगावरून सहसा उतरत नाही. त्याने दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी होतो, पण भर दुपारी प्रकाशाची वानवा नसते आणि उडत्या थेंबांसाठी लागणारा १/२००० सेकंदाचा शटर तरीही मिळतो. त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नये. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवीभूत होतो (म्हणजे एकाच पातळीत कंप पावतो, आणि असाच प्रकाश पोलरायझर अडवू शकतो) तो लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून ३७ अंशांवर. डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच धरले तर हा कोन पायांपासून जेमतेम दोन मीटरवर साधतो. पंधरा मीटरवरच्या माशाकडे पाहताना नजर पाण्याशी सहाएक अंशांनीच झुकलेली असते, त्यामुळे तिथली चकाकी थोडीफारच कमी होते. होडीतल्या उंच फळीवर उभ्या राहणाऱ्या गाईडला मासे आपल्याआधी दिसतात, त्याला त्याच्या अनुभवाइतकीच ही उंचीही कारण असते. आणखी एक गंमत म्हणजे, पोलराइज्ड गॉगल लावून कॅमेरा उभा धरला की काही कॅमेऱ्यांचा पडदा काळाठिक्कर होतो; पहिल्यांदा हे झाले तेव्हा मी कॅमेऱ्यात पाणी शिरले अशी समजूत करून घेऊन दहा मिनिटे हताश बसलो होतो.

अंगावर वागवण्याच्या दृष्टीने बॅग पाठीवर असताना उत्तम आणि पुढे असताना त्रासदायक आहे. बंद बॅगेत हवा अडकलेली असल्यामुळे ती तरंगते, हा बुडण्याच्या प्रसंगी गुणच. पण कमरेच्या वर पाणी आले की ती काखेखालून वर ढकलत राहते आणि कास्ट करताना, म्हणजे दोरी फेकताना, कोपर तिला अडते. मी झिप लावण्यापूर्वी बॅग छातीशी दाबून हवा काढतो, त्याने निम्मा त्रास कमी होतो.

सर्वांत महाग पडली ती पट्ट्यावरची कडी. उथळ पाण्यात ओढून घेतलेली दोरी कमरेपाशी वेटोळी होऊन तरंगत असते, आणि मासा पळाला की ती वेटोळी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच रॉडच्या कड्यांतून सुटू लागतात. वाटेत जे काही बाहेर आलेले असेल त्यात ती अडकतात. तिसऱ्या प्रवासात, दोन दिवस पाठलाग करून परमिट जातीचा एक मासा अखेर फ्लायला भुलला, वळला, पळत सुटला, आणि दोरीचे एक वेटोळे माझ्या छातीवरच्या कडीत अडकून टिपेट (फ्लायला बांधलेला दोरीचा बारीक शेवटचा तुकडा) तटकन तुटले. परमिट किती वेळा समोर येऊन पाठ फिरवतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी त्या दिवशी संध्याकाळी काय बोललो असेन ते सांगायला नको. त्या कडीला काहीही अडकवायचे नव्हते, ती नुसती शोभेसाठी होती. परत आल्यावर ती कापून टाकली, आणि पट्ट्याचे सैल टोक चिकटपट्टीने गुंडाळले. अशी बॅग घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी तिच्यावरून एखादी दोरी चारही बाजूंनी फिरवून पाहावी आणि जिथे अडेल तिथे कात्री चालवावी.

पाचव्या महिन्यात मुख्य बकल बसले ते उघडेना. बकलचा आकडा ॲल्युमिनियमचा आणि त्यातली खीळ स्टेनलेस स्टीलची आहे. असे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. समुद्रासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही जोडी असावी याचा मला राग आला. विक्रेत्याला लिहिले तर त्यांनी ‘नैसर्गिक झीज’ म्हणून हात वर केले. शेवटी साधे प्लास्टिकचे बकल शिवून घेतले, ते पाच महिने विनातक्रार चालते आहे. कापडाला मात्र प्रवाळावर घासूनही एक भोक पडलेले नाही. खांद्यावरचा मऊ पट्टा उन्हाने फिकट झाला आहे, त्यापलीकडे काही नाही. डीट हे रसायन असलेल्या, डास पळवणाऱ्या मलमाचे बोट लागून कॅमेऱ्याच्या मुठीवरचे रबर चिकट झाले, तो दोष बॅगेचा नाही, पण मलम आणि कॅमेरा एकाच खिशात ठेवण्याचा मोह होऊ नये म्हणून लिहिले.

प्रवासातल्या दोन गोष्टी थोडक्यात. विमानात केबिनचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरतो, त्यामुळे पूर्ण बंद केलेली बॅग फुगून चेंडूसारखी होते आणि चिकटवलेल्या सांध्यांवर विनाकारण ताण येतो; झिप दोन बोटे उघडी ठेवावी. जादा बॅटऱ्या सोबतच न्याव्या लागतात, सामानात देता येत नाहीत, आणि १०० वॉट-अवरची मर्यादा कॅमेऱ्याच्या पंधरा-सोळा वॉट-अवरच्या बॅटरीला कधीच आड येत नाही. वातानुकूलित खोलीतून पहाटे बाहेर पडताना हीच हवाबंद बॅग फार उपयोगी ठरते. थंड कॅमेरा उघडा बाहेर नेला तर दमट हवेत भिंगावर तत्काळ दव धरते; बंद बॅगेत अर्धा तास ठेवला तर तो बाहेरच्या तापमानाला येतो आणि काच स्वच्छ राहते. होडी फ्लॅटवर, म्हणजे मासेमारीच्या उथळ पाण्यात, पोहोचायला तेवढा वेळ लागतोच.

दोन भिंगे बाळगण्याची हौस मात्र आता फिटली. एकतीस दिवसांत पाण्यात उभे राहून भिंग बदलण्याचे धाडस मी फक्त दोनदा केले, आणि दोन्ही वेळा भिंग बसते त्या धातूच्या कडेवर संध्याकाळी मिठाचा कण सापडला. पुढच्या प्रवासात २४–७० एकटेच येईल. १६–३५ काढल्यावर जी जागा रिकामी होते तीत अर्ध्या लिटरची गोड्या पाण्याची बाटली आडवी बसते, हे काल घालून पाहिले.