‘सर्व्हिस डॉग रजिस्ट्रेशन’ किट, आठ महिन्यांनी: जॅकेटला साडेतीन तारे, कार्डाला शून्य

अमेरिकेत ‘सर्व्हिस डॉग रजिस्ट्रेशन’ शोधलं की ओळीने पाच-सहा दुकानं समोर येतात. नावं वेगळी, माल थोड्याफार फरकाने तोच. म्हणून इथे दुकानाचं नाव देत नाही; परीक्षण या प्रकारच्या किटचं आहे असं समजा. डब्यात आलं ते असं: नायलॉनचं लाल जॅकेट, कुत्र्याचा फोटो असलेली दोन प्लास्टिक कार्डं, होलोग्राम चिकटवलेलं प्रमाणपत्र, गळपट्ट्याला अडकवायचा बिल्ला, कायदा छापलेली छोटी कार्डं, आणि ‘राष्ट्रीय नोंदवही’त आजन्म नोंद. टपालखर्च धरून ८९ डॉलर. कुत्रा तीस किलोचा लॅब्राडोर, काम रक्तातली साखर उतरल्याचा इशारा देण्याचं. वापर रोजचा: किराणा, दवाखाना, बस, हॉटेल, एक विमानप्रवास.

सगळ्यात महाग भाग म्हणजे ती नोंद, आणि तिला किंमत शून्य. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची राष्ट्रीय नोंदणी अस्तित्वातच नाही. १९९० च्या अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टखाली, म्हणजे एडीएखाली, सर्व्हिस डॉग ठरतो तो कामावरून: दिव्यांग व्यक्तीसाठी, तिच्या दिव्यांगत्वाशी संबंधित असं काम करायला खास शिकवलेला कुत्रा. ही व्याख्या १५ मार्च २०११ पासून लागू झालेल्या नियमांतली आहे. शिकवणारा व्यावसायिक असावा लागत नाही, घरी शिकवलेलंही चालतं. जॅकेट, बिल्ला, ओळखपत्र यांतलं काहीच सक्तीचं नाही, आणि विकत घेतलेली प्रमाणपत्रं पुरावा मानत नाही हे न्याय विभागाने स्वतःच्या प्रश्नोत्तरांत लिहून ठेवलं आहे. (व्याख्येत फक्त कुत्रा बसतो. ठेंगण्या घोड्यासाठी वेगळी तरतूद आहे, ती वाचून हसू येतं, पण ती खरी आहे.)

नोंदणीचा अर्ज चार मिनिटांत भरून होतो. कुत्र्याचं नाव, जात, वजन, फोटो, क्रेडिट कार्डाचा नंबर. त्याला काय शिकवलं आहे हा प्रश्न कुठेच नाही. मांजराचा फोटो चढवला असता तरी कार्ड छापून आलं असतं. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच दुकानाचं पान उघडतं आणि त्यावर लिहिलेलं असतं ‘सक्रिय’. एवढीच ती नोंदवही. पैसे भरताना खालच्या बारीक अक्षरांतली ‘वार्षिक नूतनीकरण’ची खूण आधीपासून केलेली होती, ती काढायला विसरू नका. आजन्म नोंदीला वार्षिक नूतनीकरण कशाला, हे विचारण्यात अर्थ नाही.

दारावर खरा उपयोग पडतो तो दोन प्रश्नांची उत्तरं तयार असण्याचा. कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल तर दुकानातला कर्मचारी दोनच गोष्टी विचारू शकतो: हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. कागद मागता येत नाहीत, आजार कोणता हे विचारता येत नाही, ‘करून दाखवा’ म्हणता येत नाही. पहिल्याचं उत्तर ‘हो’. अडतं ते दुसऱ्यावर. ‘तो माझ्याबरोबर असला की बरं वाटतं’ हे उत्तर दिलंत की तुम्ही स्वतःच कुत्र्याला भावनिक आधाराच्या प्राण्यांत नेऊन बसवलं, आणि त्यांना दुकानात शिरायचा हक्क एडीए देत नाही. उत्तरात क्रियापद हवं आणि ते कुत्र्याचं हवं: साखर उतरली की नाकाने गुडघ्याला ढोसून कळवतो, पडलेली वस्तू उचलून हातात देतो, दाराची बेल वाजली की येऊन पंजा लावतो, घाबरण्याचा झटका येऊ लागला की ओळखून अंगावर रेलतो. शेवटच्या उदाहरणात फरक बारीक आहे. नुसत्या सहवासाने शांत वाटणं हे काम धरलं जात नाही. झटका ओळखून ठरावीक कृती करणं धरलं जातं. आपल्या कुत्र्याच्या कामाचं वाक्य इंग्रजीत, दहा-बारा शब्दांत, पाठ असू द्या. आपल्याकडची सवय आजाराची सगळी कथा सांगायची. ती इथे गरजेची नाही आणि पुढच्या प्रश्नांना आमंत्रण देते.

पहिले काही आठवडे कार्ड दाखवून पाहिलं. दार लगेच उघडतं, हे खरं. तोटा नंतर दिसतो. एकदा कार्ड पाहिलेला रखवालदार पुढच्या वेळी कार्डच मागतो, आणि आपल्यामागून येणाऱ्या, कार्ड नसलेल्या अंध माणसाकडेही मागतो. मागायचा हक्क त्याला नाही, पण मागायला आपणच त्याला शिकवलेलं असतं. तेव्हापासून कार्डं ड्रॉवरमध्ये आहेत.

उलट बाजूही स्पष्ट असावी, कारण किटमधली कायद्याची कार्डं तिच्याबद्दल गप्प आहेत. कुत्रा आवरत नसेल आणि मालक आवरण्यासाठी काही करत नसेल, किंवा कुत्रा आत घाण करत असेल, तर त्याला बाहेर काढता येतं. एकदा कोणी डिवचलं म्हणून भुंकला तर ते बेताल वागणं ठरत नाही. वाचनालयात पुन्हा पुन्हा भुंकला तर ठरतं. बाहेर काढलं तरी माणसाला कुत्र्याशिवाय सेवा द्यावीच लागते. लीश, हार्नेस किंवा दोरी सक्तीची. त्याने कामात अडथळा येत असेल किंवा दिव्यांगत्वामुळे ती धरता येत नसेल तरच हाकेवर किंवा खुणेवर ताबा ठेवलेला चालतो. उपाहारगृहात कुत्र्याला खुर्चीवर बसवायचा हक्क नाही, किराण्याच्या ढकलगाडीतही सहसा नाही. दुसऱ्याला ॲलर्जी आहे किंवा कुत्र्याची भीती वाटते ही नकाराची कारणं होत नाहीत. हॉटेल पाळीव प्राण्याचं शुल्क लावू शकत नाही, पण कुत्र्याने गालिचा फाडला आणि इतर पाहुण्यांकडूनही ते असं नुकसान भरून घेत असतील तर पैसे तुम्हीच द्यायचे.

आता जॅकेट. कायद्याने लागत नसलं तरी किटमधली ही एकच वस्तू रोज वापरात राहिली, कारण ते घातलं की लोक कुत्र्याला गोंजारायला कमी येतात. इशारा देणाऱ्या कुत्र्याचं लक्ष विचलित झालं तर इशारा चुकतो, म्हणून ‘हात लावू नका’ ही पट्टी ‘सर्व्हिस डॉग’ पट्टीपेक्षा जास्त कामाची. माप घेताना पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, जाड केसांचा कुत्रा असेल तर केस दाबून. दोन मापांच्या मधे आलात तर मोठं घ्या; पट्टा आवळता येतो, सैल करायला जागा नसते. बांधल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. आमचं पहिलं माप छोटं निघालं आणि काखेत केस घासून लाल चट्टा उठला. तिसऱ्या महिन्यात वेल्क्रोत केस अडकून पट्ट्या सुटू लागल्या. जुन्या टूथब्रशने खरवडल्या की पुन्हा धरतात, तरी शेवटी चार कोपऱ्यांना टाके घातले. बकल प्लास्टिकचं, सहाव्या महिन्यात थंडीत तडकलं. धुताना वेल्क्रो बंद करा, पाणी गार, वाळवणं सावलीत. अस्तर नसल्याने उन्हाळ्यात पाठ तापते. मग नुसता पट्टीवाला लीश पुरतो. पाठीवरच्या हँडलला धरून कोणी उभं राहायचा प्रयत्न करू नये. हे मऊ जॅकेट आहे, सगळा भार मणक्यावर जातो. तोल सांभाळण्यासाठीचा किंवा अंधांच्या वाटाड्या कुत्र्याचा ताठ दांड्याचा हार्नेस ही वेगळीच चीज आहे.

कायद्याच्या कार्डांवर दोन प्रश्न नीट छापलेत, पण मागच्या बाजूला ‘भावनिक आधाराचे प्राणी विमानात मोफत’ असं अजून आहे. ११ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या परिवहन विभागाच्या नियमाने ती सक्ती विमान कंपन्यांवरून उठली. विमानाला एडीए लागतही नाही, तिथे १९८६ चा एअर कॅरिअर ॲक्सेस ॲक्ट. आणि इथे कागद मागता येतो, फक्त तो किटमधला नाही. परिवहन विभागाचा स्वतःचा मोफत फॉर्म आहे: कुत्र्याचं आरोग्य, वागणूक, प्रशिक्षण, रेबीज लशीची तारीख, पशुवैद्याचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव. स्वतः शिकवलं असेल तर स्वतःचं नाव लिहायचं. आधी काढलेल्या तिकिटावर कंपनी तो ४८ तास अगोदर मागू शकते. उड्डाण आठ तासांचं किंवा जास्त असेल तर दुसरा फॉर्म: कुत्र्याला विमानात शी-शू करायची वेळ येणार नाही, किंवा आली तर घाण न होता कशी उरकेल. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला हा लागणार. दोन्ही संघराज्य सरकारचे कागद आहेत, त्यांत खोटं लिहिणं गुन्हा आहे. कुत्रा तुमच्या पायांजवळच्या जागेत मावला पाहिजे. तीस किलोच्या लॅबसाठी खिडकीची जागा बरी पडली; मधल्या वाटेवर शेपटीवरून गाडी जाते.

भारतात नेऊन परत आणायचं असेल तर खरी कागदपत्रं तिथे लागतात. मुंबईत उतरायला अमेरिकी कृषी विभागाने शिक्का मारलेला आरोग्य दाखला आणि भारताच्या ॲनिमल क्वारंटाइन खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. फसतात ते परतीला. भारत सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या, रेबीज-जोखमीच्या यादीत आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी, सीडीसीच्या संकेतस्थळावर भरलेल्या फॉर्मची पावती हवी, आणि लस अमेरिकेत दिलेली असेल तर तिचं प्रमाणपत्र कृषी विभागाकडून निघण्याआधीच शिक्का मारून घ्यावं लागतं. पुण्यात बसून ते मिळत नाही. ते नसलं की कुत्रा परदेशात लस घेतलेला धरला जातो: रक्ताची चाचणी, ठरावीक विमानतळ, सीडीसीकडे नोंदलेल्या प्राणी-केंद्रात आगाऊ जागा. चिप लशीच्या आधी बसवलेली असावी. उलट क्रम असेल तर लस पुन्हा द्यावी लागते.

घर आणि नोकरीचं थोडक्यात. भाड्याच्या घराला फेअर हाउसिंग ॲक्ट लागतो. दिव्यांगत्व उघड दिसत नसेल तर घरमालक विश्वासार्ह माहिती मागू शकतो, आणि ती म्हणजे तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरचं पत्र. नोकरीत कुत्रा आणणं ही मागणी करून घ्यायची सवलत आहे, तिथेही डॉक्टरचा कागद मागितला जातो. मंदिरांचा प्रश्न हमखास येतो: धार्मिक संस्थांना एडीएच्या या तरतुदी लागू नाहीत, त्यामुळे विश्वस्तांना आधी फोन करा. मंडळाचा गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात आणि कोणालाही तिकीट काढून येता येईल असा असेल, तर मात्र सहसा लागू होतात.

कायद्याने खरोखर लागतो तो तुमच्या शहराचा किंवा काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) साधा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस; त्यातून सर्व्हिस डॉगलाही सूट नाही. कॅलिफोर्नियात काउंटीकडून सहाय्यक कुत्र्याचा ऐच्छिक बिल्ला मिळतो, प्रतिज्ञापत्र देऊन. बिल्लाच हवा असेल तर तो घ्या. तिथेच खोटा सर्व्हिस डॉग मिरवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार डॉलरपर्यंत दंड आहे. फ्लोरिडात इतर शिक्षेबरोबर तीस तास समाजसेवाही. दारातच अडवलं तर व्यवस्थापकाला बोलवा, वेळ आणि नाव टिपून ठेवा, मग न्याय विभागाकडे ऑनलाइन तक्रार.

किट पुन्हा घेणार नाही. तसंच जॅकेट धातूच्या बकलसह सुटं पस्तीस डॉलरला मिळतं, पट्ट्या आठ डॉलरला जोडी. वार्षिक नूतनीकरण रद्द करायला दुकानाला तीन मेल लागल्या. शेवटी बँकेतून व्यवहार थांबवला, आणि कार्डावरचा क्यूआर कोड अजूनही ‘सक्रिय’ दाखवतो.